त्रिनिदादचा गुड फ्रायडे, टोबॅगोतल्या बकऱ्या आणि मधली बोट : एका ईस्टर सहलीविषयी

कॅरिबियन बेटांवरच्या ईस्टरच्या सुटीच्या जाहिरातींत पांढरी वाळू, निळे पाणी आणि दोन माडांमध्ये बांधलेली झोळी यांखेरीज सहसा काही नसते. गुड फ्रायडे हा जणू समुद्रावर एक दिवस आधी पोहोचण्यासाठीच कॅलेंडरात घातलेला असावा, असे त्या जाहिराती वाचून वाटते. आम्ही २०२४ च्या मार्चअखेरीस त्रिनिदाद आणि टोबॅगो या जोडबेटांवर जी सहल केली, ती एका स्थानिक कुटुंबाने चालवलेल्या लहानशा संस्थेने आखून दिलेली होती. संस्थेचे नाव मी देणार नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि चार माणसांच्या घरगुती धंद्यावर नावानिशी ठपका ठेवावा इतक्या त्या मोठ्या नाहीत. निकाल मात्र आधीच सांगून टाकतो : या मंडळींकडून त्रिनिदादचे तीन दिवस निःशंकपणे घ्यावेत, आणि टोबॅगोचे चार दिवस आपले आपण करावेत.

आम्ही टोरांटोहून निघालो. बरोबर पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि म्हापशाहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई. २७ मार्चच्या बुधवारपासून ३ एप्रिलच्या बुधवारपर्यंत सात रात्रींचे आम्हा चौघांचे मिळून ४,२५० अमेरिकी डॉलर पडले आणि टोरांटोचे विमानभाडे वेगळे. त्या रकमेत त्रिनिदादमधल्या शागुआनासजवळ तीन रात्री घरगुती निवास, टोबॅगोत क्राउन पॉइंटजवळच्या हॉटेलात चार रात्री, रोजची न्याहारी, गाडीसह मार्गदर्शक, गुड फ्रायडेचे जेवण, दोन बेटांमधला विमानप्रवास आणि मंगळवारच्या बकऱ्यांच्या शर्यतीची तिकिटे इतके धरलेले होते. यातला ‘विमानप्रवास’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा.

त्या वर्षी सुट्या नेमक्या लागून आल्या होत्या. २९ मार्चला गुड फ्रायडे आणि १ एप्रिलला ईस्टर मंडे या दोन्ही तिथे सार्वजनिक सुट्या आहेत. मधल्या शनिवारी, ३० मार्चला, स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट पंथाचा मुक्तिदिन होता. आफ्रिकी वंशाच्या लोकांनी वाढवलेल्या या ख्रिस्ती पंथाच्या उपासनेवर इंग्रजी सत्तेने १९१७ साली कायद्याने बंदी घातली होती, ती १९५१ मध्ये उठली आणि १९९६ पासून त्या स्मरणार्थ सुटी मिळू लागली. दिवाळी, ईद, आणि पहिले गिरमिटिया, म्हणजे कराराने आणलेले भारतीय मजूर, ज्या ‘फतेल रझाक’ जहाजातून १८४५ च्या ३० मे रोजी उतरले तो दिवस, यांच्याही सुट्या या देशात आहेत. तेव्हा गुड फ्रायडे इथे ‘ख्रिस्ती लोकांचा सण’ म्हणून एका बाजूला राहत नाही. तो सर्वांच्या घरात शिरतो आणि प्रत्येक घरात थोडा वेगळा होतो. हे आम्हाला दाखवण्याचे काम या संस्थेने फार चांगले केले, किंवा अधिक अचूक सांगायचे तर, हे दाखवण्याचा आव न आणता आम्हाला तिथे नेऊन उभे केले.

बुधवारबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. विमानतळावर गाडी वेळेवर होती, खोल्या स्वच्छ होत्या, पंखा खडखडत होता. गुरुवारी सकाळी मार्गदर्शक आम्हाला बाजारात घेऊन गेले, कारण दुसऱ्या दिवशी बहुतेक दुकाने बंद राहणार होती. साठीच्या आसपासचे हे गृहस्थ. त्यांचे पणजोबा कलकत्त्याच्या बंदरातून आलेले. त्रिनिदादला गेलेली माणसे बहुसंख्येने भोजपुरी मुलखातली. मॉरिशसला जशी रत्नागिरीकडची मराठी माणसे गेली, तसे इथे घडलेले नाही, त्यामुळे मराठी खूण शोधायला जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. तरीही ओळखीचे शब्द अधूनमधून भेटत राहतात. मुलीने सासूबाईंना ‘आजी’ म्हणून हाक मारली, तेव्हा गृहस्थ लगेच वळून पाहू लागले. त्यांच्याकडे आजी म्हणजे फक्त वडिलांची आई. आईची आई ती नानी. ‘मग या आजी कशा?’ असे त्यांनी विचारले, आणि त्रिनिदादमधले पुढचे सगळे दिवस आपल्या परीने चूक सुधारण्यासाठी सासूबाईंना ‘नानी’ म्हणत राहिले.

बाजारात त्यांनी आम्हाला घ्यायला लावलेल्या वस्तू अशा : दोन पौंड तांदूळ, तेलाची लहान बाटली, पांढऱ्या मेणबत्त्यांची जुडी आणि फुले. शिवाय बँकेतून आणून ठेवलेली सुटी नाणी त्यांनी आमच्या हातात मोजून दिली आणि तेवढ्याच रकमेच्या नोटा घेतल्या. ‘उद्या लागतील,’ एवढेच म्हणाले. कशाला, ते दुसऱ्या दिवशी कळले, आणि ही नाणी म्हणजे मी आजवर घेतलेल्या सहल-सेवांमधली सर्वांत समंजस सेवा होती असे माझे मत झाले.

गुड फ्रायडेला पहाटे साडेचारला निघालो. महामार्ग रिकामा होता. बेटाच्या दक्षिण भागात सिपारिया नावाचे गाव आहे, आणि तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये ‘ला दिविना पास्तोरा’ म्हणजे दिव्य मेंढपाळीण या रूपातली मरियेची मूर्ती आहे. या भक्तीचा उगम स्पेनमधल्या सेव्हिल शहरात १७०३ मध्ये झाला आणि कॅपुचिन धर्मगुरूंनी ती इकडे आणली. मूर्ती व्हेनेझुएलातून आली आणि तिने एका धर्मगुरूचे प्राण वाचवले, अशी आख्यायिका आहे. मूर्ती लहान आहे, जेमतेम तीन फुटांची. तिचा वर्ण सावळा, केस लांब आणि अंगावर घोळदार झगा. गिरमिटिया मजूर उसाच्या मळ्यांत आले, त्यांनी ही सावळी बाई पाहिली आणि तिला आपली म्हटले. कुणी तिला काली म्हणते, कुणी दुर्गा, कुणी लक्ष्मी. पण सर्वांच्या तोंडी असलेले नाव एकच, ‘सिपारी माई’. हिंदू भक्तांचे येण्याचे दिवस म्हणजे पवित्र गुरुवार आणि गुड फ्रायडे. हेच दिवस का ठरले याची निरनिराळी स्पष्टीकरणे ऐकायला मिळतात. मार्गदर्शकांनी दिलेले मला पटले. मळ्यावर सुटी मिळे ती साहेबाच्या सणाला, तेव्हा मजुराने आपली यात्राही त्याच दिवशी बसवली.

त्या दोन दिवसांसाठी मूर्ती चर्चमधून काढून शेजारच्या सभागृहात ठेवतात. आम्ही पोहोचलो तेव्हा उजाडत होते आणि रांग सभागृहाच्या बाहेर आली होती. रांगेत साडीतल्या बायका फार नव्हत्या. बहुतेकजणी साध्या झग्यात, डोक्यावर ओढणी. हातात तांदळाच्या पिशव्या, तेल, फुले, एकीच्या हातात सोन्याची बारीक साखळी, नवसाची. कडेच्या मोकळ्या जागेत लहान मुलांचे जावळ काढणे चालू होते. कात्री चालवणारा, मांडीवर धरून बसलेली आई, ओरडणारे मूल आणि कापलेले केस गोळा करणारी मोठी बाई, हे दृश्य जेजुरीच्या पायथ्याशी पाहिले असते तर मी तिथे थांबलोही नसतो. सिपारियात मात्र मी बराच वेळ पाहत उभा राहिलो.

गाडीतून उतरण्यापूर्वी मार्गदर्शकांनी दोनच सूचना दिल्या होत्या. फोन खिशात ठेवा, आणि रांगेत तुमच्या पुढच्याने केले ते करा. ‘हे कुठून आले, का आले’ अशी व्याख्याने त्यांनी परतीच्या वाटेवर दिली, आणि तीही विचारल्यावर. मोठमोठ्या संस्थांच्या मार्गदर्शकांनी देवळाच्या गाभाऱ्यासमोर ध्वनिवर्धक गळ्यात अडकवून सनावळ्या सांगितलेल्या मी ऐकल्या आहेत. त्यापुढे हे मौन मला सेवेचाच भाग वाटले. आत माईच्या पायाशी तांदूळ ठेवला, तेल दिले, मेणबत्ती लावली. तांदूळ गोरगरिबांना वाटला जातो. बाहेरच्या वाटेवर दुतर्फा मागणारे बसले होते. तिथे दान केल्याशिवाय यात्रा पूर्ण होत नाही, आणि तिथेच ती सुटी नाणी लागली. पुढच्या कुटुंबाकडे फक्त शंभराची नोट निघाली. त्या बिचाऱ्यांची जी तारांबळ उडाली ती पाहून मी मार्गदर्शकांकडे पाहिले. ते दुसरीकडे पाहत होते.

सासूबाई सभागृहाच्या भिंतीशी बाकावर बसल्या त्या उठेनात. वेळापत्रकात सिपारियाला चाळीस मिनिटे लिहिलेली होती, जी मुळातच अपुरी होती आणि हा आखणीतला उघड दोष आहे. पण मार्गदर्शकांनी घड्याळ पाहिले नाही, ते चहा घेऊन आले. सासूबाईंचे कारण आम्हाला माहीत होते. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे तिथल्या चर्चमधली मरिया, ही सात बहिणींपैकी एक आणि शिरगावची लईराई देवी तिची बहीण, हे गोव्यात कुणाला सांगावे लागत नाही; सायबिणीच्या फेस्ताला हिंदू बायका तेल घेऊन जातात आणि त्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही इथे कशा. माझे बालपण बांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत गेले, तेव्हा सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेला मेणाचे हात, पाय, घरे वाहायला निघालेली आमच्या चाळीतली माणसे मलाही ठाऊक होती. त्यामुळे हिंदू माणसे मरियेपुढे उभी आहेत याचे आम्हाला अप्रूप नव्हते. अप्रूप होते ते वाराचे. आमच्याकडे या भेटी आनंदाच्या सणाला होतात, जत्रा भरते, खेळणी विकतात; इथे त्या चर्चच्या सर्वांत शोकाच्या दिवशी होतात. दुपारी तीनला कॅथलिक लोक क्रुसाच्या उपासनेसाठी चर्चमध्ये जमणार होते, आणि त्याच आवारात सकाळी बाळांचे जावळ निघत होते. दोघांची वेळ ठरलेली होती, दोघेही आपापल्या वेळेला येत होते. सासूबाई एवढेच म्हणाल्या, ‘हिला आज सुतक नाही वाटतं.’

परतताना वाटेवरच्या एका वस्तीत खांबाला बांधलेला बुजगावण्यासारखा पुतळा दिसला. जुनी पँट, फाटका सदरा, आत कोंबलेले गवत आणि गळ्यात पाटी. हा ‘बोबोली’. मुळात तो येशूला दगा देणारा ज्यूदास; गुड फ्रायडेला येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याला काठीने बडवायचे असते. अलीकडे ज्यूदासाची जागा बहुधा कुठल्यातरी पुढाऱ्याला मिळते, आणि कोणत्या हे पाटीवरून कळते. पाटीवरचे नाव मी इथे लिहीत नाही, पण मार्गदर्शकांनी गाडी थांबवून माझ्या मुलीला काठी आणून दिली आणि ‘दोन फटके त्याला माझ्याकडूनही’ असे सांगितले, यावरून त्यांचे मत कोणत्या बाजूला पडत असावे हे समजले. पत्नीला हा प्रकार मुलीसाठी योग्य वाटला नाही. आमच्यात त्यावर गाडीत थोडा वाद झाला. होळीला बोंब मारणाऱ्यांच्या मुलखातून आलेल्या माणसाने या बाबतीत फार सोवळे असू नये, असे मी म्हणालो. त्या वर्षी धुळवड २५ मार्चला झालेली होती, आणि शागुआनासच्या काही भिंतींवर फगव्याचा, म्हणजे तिथल्या होळीचा, जांभळा रंग अजून तसाच होता, हे माझ्या बाजूचे प्रमाण.

दुपारचे जेवण संस्थेच्या मालकिणीच्या घरी होते, आणि या सहलीतली पैशाची पुरेपूर वसुली इथे झाली. गुड फ्रायडेला मांस वर्ज्य, म्हणून मासे. कॅराइट नावाचा मासा होता, तो आपल्या सुरमईचा सख्खा भाऊबंद आहे आणि चवीला तसाच. शॅडो बेनी नावाची लांबट काटेरी पानांची, कोथिंबिरीच्या वासाची वनस्पती वाटून त्याला लावलेली होती. हिंदू घरांत तिलाच बंधनिया म्हणतात. सोबत उकडलेले कसावा, रताळे, अरवी आणि कच्ची केळी. या सर्वांना मिळून ‘प्रोव्हिजन’ म्हणतात, आणि केळ्याला ‘फिग’ म्हणतात, म्हणजे अंजीर; याचे कारण विचारून उपयोग नसतो. मग आले कलालू. अळूची पाने, भेंडी आणि नारळाचे दूध एकत्र शिजवून घोटलेले. अळूच्या फदफद्यात चिंच-गुळाऐवजी नारळ घातला तर जे होईल ते, असे लिहिले तर वाचकांना कल्पना येईल. पण भेंडीमुळे आलेली बुळबुळ आमच्या मुलीला सहन झाली नाही. तिने सहीन्यावर समाधान मानले. सहीना म्हणजे अळूच्या पानांना वाटलेल्या डाळीचे पीठ लावून, गुंडाळून, कापून तळलेला पदार्थ. सासूबाईंनी एक तुकडा उचलला, उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘अळूवडी, पण गूळ विसरली.’ कैरी किसून, वाळवून, मोहरीच्या तेलात मसाल्यासह मुरवलेली ‘कुचेला’ मात्र त्यांनी दोनदा मागून घेतली आणि एक बाटली टोरांटोला आणली. शेवटी क्रुसाची खूण केलेले मसालेदार गोड पाव.

बारा वाजता, जेवण सुरू होण्यापूर्वी, मालकिणीच्या सासूने काचेच्या पेल्यात कोमट पाणी घेतले आणि त्यात अंड्याचा पांढरा बलक सोडला. गुड फ्रायडेला हे करून पाहण्याची जुनी रीत आहे. पाण्यात जो आकार उभा राहतो त्यावरून वर्षाचे भविष्य : जहाज दिसले तर प्रवास, चर्च दिसले तर लग्न, शवपेटी दिसली तर बोलायचे नाही. आमच्या पेल्यात पांढरे धागे वर चढत गेले आणि सर्वांनी जहाज म्हटले. हे भविष्य दुसऱ्याच दिवशी खरे झाले, आणि ते मला जरा महागातच पडले.

आणखी एक. गुड फ्रायडेला समुद्रात उतरायचे नाही, उतरलात तर मासा होऊन जाल, असे तिथल्या जुन्या लोकांनी मुलांना सांगितलेले असते. खिळाही ठोकायचा नाही. संस्थेने त्या दिवशी समुद्रकिनारा ठेवलेलाच नव्हता. पर्यटकांना हे खटकू शकते, कारण सुटी कॅरिबियनची आणि सबंध दिवसात पाण्याचा थेंब नाही. ज्यांना हे चालणार नसेल त्यांनी या सहलीच्या वाटेला जाऊ नये.

शनिवारी सकाळी राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क सवाना या विस्तीर्ण मैदानावर नेले. ईस्टरचे दिवस हा तिथे पतंगांचा हंगाम, वारा त्याच सुमारास बरा असतो. ‘मॅड बुल’ नावाचा प्रचंड पतंग उडतो तेव्हा त्याच्या गुणगुणण्याचा आवाज खालपर्यंत ऐकू येतो. काटाकाटी नाही, ‘काय पो छे’ नाही. माणसे शांतपणे दोरी धरून उभी असतात आणि मुले धावतात. रस्त्यावर डोक्याला फडकी बांधलेल्या, शुभ्र झगे घातलेल्या बॅप्टिस्ट बायकांचा एक जथा हातात घंटा घेऊन आपल्या मेळाव्याकडे चालला होता. इथे गाडी दोन मिनिटे थांबली असती तर बरे झाले असते. थांबली नाही, कारण आम्हाला धक्क्यावर पोहोचायचे होते, आणि धक्क्यावर का, हे आम्हाला त्याच क्षणी सांगण्यात आले.

विमानाची तिकिटे मिळाली नव्हती. पोर्ट ऑफ स्पेनहून टोबॅगोला विमान अर्ध्या तासाच्या आत पोहोचते. ईस्टरला सारा त्रिनिदाद टोबॅगोला जातो, त्यामुळे जागा आधीच संपतात, हे या धंद्यात असलेल्या माणसाला सांगावे लागू नये. त्याऐवजी बोटीची तिकिटे काढलेली होती. बोट चांगली आहे, वातानुकूलित आहे, तिकीट स्वस्त आहे, आणि साडेतीन तासांतला बराचसा भाग ती अशा पाण्यातून जाते जिथे दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना कागदी पिशव्या वाटाव्या लागतात. सासूबाईंचे वय एकाहत्तर. त्यांनी तक्रार केली नाही, हे मला अधिक लागले. बदल करावा लागला याबद्दल माझे म्हणणे नाही; तो आठवडाभर आधी माहीत असूनही आम्हाला धक्क्याच्या वाटेवर कळवला गेला, याबद्दल आहे. ज्या माणसांनी नाणी मोजून ठेवली होती, त्यांनाच हा निरोप द्यायला सुचू नये, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. बहुधा सिपारिया हे त्यांचे घर आहे आणि टोबॅगो हा त्यांचा व्यवसाय.

टोबॅगोत तसे जाणवलेही. मार्गदर्शक त्रिनिदादलाच राहिले आणि आम्हाला दुसऱ्या एका कंत्राटदाराच्या स्वाधीन केले गेले. हॉटेल समुद्राजवळ होते. ईस्टरच्या रविवारी दुपारी तिथे जे जेवण होते, त्यात डुकराच्या मांसाचे काप, उकडलेले बटाटे आणि चॉकलेटची अंडी होती; हे जगातल्या कुठल्याही हॉटेलात मिळाले असते. टोबॅगोतली बहुसंख्य वस्ती आफ्रिकी वंशाची, आणि चर्चेही बरीचशी अँग्लिकन, मेथडिस्ट, मोरावियन, ॲडव्हेंटिस्ट. रविवारी सकाळी टोप्या घालून निघालेल्या बायकांमागोमाग आम्ही चालत गेलो असतो तर एखाद्या उपासनेला मागच्या बाकावर बसता आले असते, पण त्याच वेळी काचेच्या तळाच्या होडीतून बकू रीफ पाहण्याचा कार्यक्रम ठेवलेला होता. प्रवाळ सुंदर आहे, नायलॉन पूल नावाची उथळ, आरस्पानी जागाही सुंदर आहे. तिला हे नाव इंग्लंडच्या राजकन्या मार्गारेट यांनी १९६२ मध्ये दिले असे सांगतात. पण प्रवाळ सोमवारीही तिथेच असता. रविवारी रात्री बकू गावात ‘संडे स्कूल’ भरते असे कळल्यावर पत्नीने मुलीला नेण्याची तयारी केली. ते स्टीलपॅनच्या वाद्यवृंदाने सुरू होणारे आणि पहाटेपर्यंत चालणारे रस्त्यावरचे नाचगाणे असते हे सुदैवाने हॉटेलच्या दारवानाने सांगितले. संस्थेच्या माहितीपत्रकात त्याचे केवळ नाव छापलेले होते, खुलासा नव्हता. आम्ही स्टीलपॅन ऐकून दहाला परत आलो.

सोमवारी स्टोअर बेच्या टपऱ्यांवर खेकडा-डंपलिंग खाल्ले, स्वतःच्या पैशाने. पातळ मसाल्यात शिजलेले अख्खे खेकडे आणि मैद्याच्या चपट्या, जाडसर उकडलेल्या चकत्या. हातांना रंग लागतो, तोंडाला लागतो, आणि कुणाला त्याची पर्वा नसते. सासूबाईंनी बोटीनंतर प्रथमच पोटभर जेवण केले. मसाल्याला नारळाचे दूध आहे, पण भाजलेले खोबरे नाही, हा त्यांचा शेरा. मला तो अन्यायाचा वाटला.

मंगळवारी बकूची बकऱ्यांची शर्यत. ईस्टरचा मंगळवार अधिकृत सुटीचा नाही, पण टोबॅगोत तो कामाचा दिवस आहे असे मला कुठे दिसले नाही. बार्बाडोसहून आलेल्या सॅम्युएल कॅलेंडर नावाच्या गृहस्थांनी १९२५ मध्ये ही प्रथा सुरू केली. घोड्यांची शर्यत हा मळेवाल्यांचा शौक. ज्याला घोडा परवडत नाही त्याने काय करावे, याचे हे उत्तर. बकऱ्या म्हणजे उंच पायांचे, तेल लावून चकचकीत केलेले बोकड. त्यांना महिनोन्‌महिने धाववतात, समुद्रात पोहायला लावतात. स्वार बोकडावर बसत नाही, हे सांगायलाच हवे, कारण माझ्या मुलीची तीच कल्पना होती. तो अनवाणी, पांढरी विजार आणि रंगीत बनियन घालून, एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात छडी घेऊन बोकडाच्या मागे जीव खाऊन पळतो. जिंकण्यासाठी दोघेही वेगवान असावे लागतात, आणि पुष्कळदा बोकड पुढे निघून जातो, माणूस पडतो, किंवा बोकड मधेच वळून प्रेक्षकांत काय आहे ते पाहायला येतो. निवेदकाची टिप्पणी धावपट्टीपेक्षा जोरात धावते. गावाकडच्या शंकरपटाला जी गर्दी होते, जो पैजांचा आणि मालकांच्या प्रतिष्ठेचा ताण असतो, तो इथेही आहे. फक्त धूळ कमी आणि हसू जास्त. मधल्या वेळात खेकड्यांची शर्यत झाली. दोरी बांधलेल्या खेकड्यांना काडीने ढोसत सरळ नेण्याचा तो प्रयत्न असतो, आणि खेकडा सरळ जात नाही, यावर सारा खेळ उभा आहे.

तिकिटे छताखालच्या जागेची असतील असे पत्रकात लिहिलेले होते. आम्हाला मिळाली ती उघड्यावरची. दुपारी एक ते साडेचारपर्यंत आम्ही दोन छत्र्यांखाली चौघे बसलो, आणि शेवटच्या दोन शर्यती सासूबाईंना शेजारच्या एका अनोळखी कुटुंबाने आपल्या खुर्चीत बसवून दाखवल्या. त्या खुर्चीचे श्रेय अर्थातच संस्थेला देता येत नाही.

घरी आल्यावर मी बोटीच्या आणि विमानाच्या भाड्यातला फरक परत मागितला. तिसऱ्या पत्रानंतर तो मिळाला, दिलगिरीसह. छताखालच्या जागेबद्दल मात्र उत्तर आलेले नाही. ज्यांना ही सहल घ्यायची असेल त्यांनी बेटांमधला प्रवास कशाने, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी मागावे, सिपारियासाठी किमान दोन तास लावून घ्यावेत, आणि शनिवारी सवानावरून थेट विमानतळ गाठून टोबॅगोची पुढची व्यवस्था स्वतः करावी. तिथे राहायला घरगुती जागा मुबलक आहेत आणि बकूला जायला कंत्राटदाराची गरज नाही.

आम्ही मात्र त्यांच्याशी पुन्हा पत्रव्यवहार सुरू केला आहे. सिपारियाला कॅथलिकांचा स्वतःचा सण ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी असतो, तेव्हा माईची मिरवणूक गावातून निघते. सासूबाईंनी कॅलेंडर काढून पाहिले, तर म्हापशाच्या सायबिणीचे फेस्त त्याच्या लगोलग दुसऱ्या दिवशी, सोमवारी पडते. दोन्हीकडे जाणे एका माणसाला शक्य नाही, म्हणून त्यांनी वाटणी केली : त्या तेल घेऊन म्हापशाला, आणि आम्ही तांदूळ घेऊन सिपारियाला. तीन रात्रींचा खर्च विचारला, त्याचे उत्तर कालच आले आहे. त्यात टोबॅगो नाही, बोट नाही, आणि शेवटच्या ओळीत ‘सुटी नाणी आम्ही आणून ठेवू’ असे लिहिले आहे.